गुरुवारचे गिऱ्हाईक

न्हाव्याने मशीन मानेच्या खळगीत टेकवले आणि एका दमात टाळूपर्यंत नेले. करड्या केसांचा लांबच लांब पुंजका कापडावरून घसरून फरशीवर पडला. सकाळपासूनचे हे सोळावे डोके. व्हरांड्यातल्या बाकावर अजून तेरा जण बसले होते.

"भाऊ, एवढे केस नेताय, पावती तरी द्या!" नुकताच बोडका झालेला एक म्हातारा ओरडला. तो पूर्वी ट्रक चालवायचा, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. बाकावर हशा पिकला. न्हावीही हसला, पण हात थांबला नाही.

चर्चच्या या आश्रमात तो महिन्याच्या पहिल्या शनिवारी येई. नऊ वर्षांत एकही खाडा नव्हता. घरच्यांनी टाकलेले, रस्त्यावर सापडलेले, स्वतःचे नाव विसरलेले पुरुष इथे सिस्टरांच्या आधाराने राहत. एकदा फादरांनी भर उपदेशात त्याच्याकडे हात करून म्हटले होते, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. आपला हा भाऊ ज्यांना कोणी हात लावत नाही, त्यांच्या डोक्याला हात लावतो." शेजारी बसलेल्या बायकोने तेव्हा हळूच पदर सारखा केला होता.

काम झपाझप होई, कारण सगळ्यांचे माप एकच. झिरो मशीन. उवांची भीती नाही, कंगव्याची गरज नाही आणि जेवणाच्या घंटेआधी सगळे उरकते.

आजचा हा सोळावा नवा होता. आठवड्यापूर्वीच आलेला. दाढी छातीपर्यंत, केस खांद्यापर्यंत. न्हाव्याने त्याचा चेहरा पाहिला नव्हता. तो मागे उभा राहून काम करी, आणि मागून सगळी डोकी सारखीच दिसत. त्याने मशीन उजव्या बाजूला वळवले आणि कानावरची जट उतरवली.

कानाच्या वरच्या कडेचा तुकडा नव्हता.

मशीन हातात घरघरत राहिले. न्हावी त्या कानाकडे बघत राहिला. बावीस वर्षे, दर दुसऱ्या गुरुवारी, त्याने हा कान झाकला होता. हा कान पोस्टमास्तरांचा. ते पहिल्यांदा त्याच्या दुकानात आले तेव्हा खुर्चीत बसून आरशात न बघता म्हणाले होते, "लहानपणी कुत्रं चावलं. तेवढा कान झाकलेला बरा." मग तो विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. मास्तरांना मशीन चालत नसे. फक्त कात्री. डावीकडे भांग, उजवीकडे बोटभर केस जास्त.

"काय झालं, भाऊ? मशीन तापलं का?" टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरने विचारले.

"नाही," तो म्हणाला. "हे कुठून आले?"

"पोस्टात होते म्हणे. बायको गेली आणि हळूहळू सगळं विसरायला लागले. बाहेर पडले की वाट चुकायचे, म्हणून बाहेर पडणंच सोडलं. दोन वर्षं एकटेच घरात. शेजारीण खिडकीतून ताट द्यायची. आता तीही गाव सोडून गेली."

मास्तरांचे घर दुकानापासून दोन गल्ल्या सोडून होते.

अर्धे डोके उघडे पडले होते आणि अर्धे तसेच. आता कात्रीने काही सावरण्यासारखे नव्हते. न्हाव्याने उरलेले केस उतरवले. मग पुढे येऊन दाढीला हात घातला. एकेका फटकाऱ्यासरशी ओळखीचा चेहरा बाहेर येऊ लागला. आधी गाल, मग हनुवटीवरची खळी, मग ते पातळ, नीटनेटके ओठ.

"मास्तर," तो वाकून हळूच म्हणाला, "ओळखलंत का मला?"

मास्तरांनी त्याच्याकडे सौजन्याने पाहिले. खिडकीपाशी आलेल्या अनोळखी माणसाकडे पोस्टात बघत असतील तसे. मग त्यांचा हात कापडाखालून बाहेर आला, डोक्यावरून फिरला आणि उजव्या कानावर जाऊन तिथेच राहिला.

"छान! किती स्वच्छ वाटतंय बघा," सिस्टर म्हणाली.

मास्तर कानावर हात धरूनच बाकाकडे परत गेले.

घरी आल्यावर न्हावी जेवायला बसला, पण ताटातला भात नुसताच चिवडत राहिला. बायकोने दोनदा विचारल्यावर त्याने सांगितले.

"आपले पोस्टातले मास्तर?" तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "मी म्हणाले होते तुम्हाला. एकदा घरी जाऊन बघून या म्हणून."

"म्हणाली होतीस."

"तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

त्याला शब्दन् शब्द आठवत होता. मास्तर दुकानात येईनासे झाले तेव्हाच नाक्यावर नवे सलून उघडले होते, गार हवेचे. तो म्हणाला होता, गेलं गिऱ्हाईक तर गेलं, त्याच्या दारात जाऊन मी काय पायघड्या घालू? पुढे दोन वर्षे तो त्या बंद खिडकीवरून सायकल दामटत दुकानात गेला आणि मान मुद्दाम दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी रविवारची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात एका गृहस्थाने त्याचा हात धरला.

"काल आश्रमात होतात ना? फार मोठं काम करता हो तुम्ही."

न्हाव्याला हात सोडवून घेता येईना. तो स्वतःच्या चपलांकडे बघत उभा राहिला.

पुढच्या महिन्यात तो मशीन घरीच ठेवून गेला. कात्र्या, दोन कंगवे आणि दुकानातला हातातला आरसा एवढेच पिशवीत घेतले. पहिल्या माणसाला खुर्चीत बसवून तो समोर आला आणि म्हणाला, "कसे कापू?"

त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. न्हाव्याने पुन्हा विचारले. तो गोंधळून सिस्टरकडे बघू लागला. ड्रायव्हर मात्र तयारच होता. "मला मिशी राहू द्या. कोरून द्या, टोकदार!" आणि पुढचा तासभर तो आरसा कोणाला देईना.

जेवणाची घंटा झाली तेव्हा जेमतेम सात जण झाले होते.

"अहो भाऊ, असं केलंत तर सगळे होणार कधी?" सिस्टरने विचारले.

"पुढच्या शनिवारी येतो. त्याच्या पुढच्याही."

"आणि दुकान?"

"बघतो काहीतरी."

आठवे मास्तर होते. डोक्यावर आता जेमतेम अर्धे बोट केस आले होते. कापण्यासारखे काही नव्हते. तरी न्हाव्याने त्यांना खुर्चीत बसवले, कापड झटकून गळ्याभोवती बांधले आणि समोर उकिडवा बसला.

"मास्तर, कसे करू?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "तुम्ही राहू द्या," ते नम्रपणे म्हणाले. "राग मानू नका. माझा न्हावी ठरलेला आहे."

न्हाव्याने कंगवा पिशवीत ठेवला.

"कसा आहे तो?"

"बोलतो फार. पण हात हलका आहे." मास्तर किंचित हसले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि ते पुढे झुकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "बरेच दिवस जाणं झालं नाही. तुमच्याच धंद्यातला आहे, कुठं भेटला तर सांगाल का? मी दुसरीकडे गेलेलो नाही म्हणावं."

"सांगतो," न्हावी म्हणाला.

"नक्की सांगा. मनाला लावून घेतो तो."

मास्तरांनी गळ्यामागची गाठ स्वतःच सोडली, कापडाची नीट घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. ते जेवायला निघून गेले. न्हावी मात्र तिथेच, रिकाम्या खुर्चीसमोर, उकिडवा बसून राहिला.