बेंदराचे तेवीस रंग

मी एक जुनी गाडी आहे आणि माझे इंजिन जन्माचे नाही. मित्रांनो, हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. लोक ते शेवटी आणि दबक्या आवाजात सांगतात, स्थळ बघायला आलेल्यांपासून एखादी गोष्ट लपवावी तसे. मला लपवायचे काही नाही. उलट त्या बदललेल्या इंजिनाचीच गोष्ट मी सांगणार आहे. ज्याला माझी लाज वाटत असेल त्याने खुशाल दुसरी गाडी बघावी.

मला आसने दोनच. टप कापडाचे, मागे दुमडता येते. रंग गडद हिरवा. १९६६ साली इंग्लंडमधल्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. चासीवर एक क्रमांक ठोकला, इंजिनावर दुसरा, आणि दोन्ही एकाच कागदावर लिहिले. मी बोटीने मुंबईला उतरले ती बारामतीच्या एका डॉक्टरांसाठी. ते तिकडे शिकून आले होते.

डॉक्टर मला जिवापाड जपत, पण फक्त रविवारी बाहेर काढत. उरलेले सहा दिवस ते रोगी तपासायला सायकलवर जात आणि मी दिवाणखान्यातल्या काचेच्या भांड्यासारखी पुसली जाई. ते वारले, मुले लांब गेली आणि मी नऊ वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिले. त्या काळात एका कोंबडीने माझ्या डाव्या आसनावर तीनदा पिल्ले काढली. तिचा मला मुळीच राग नाही. नऊ वर्षांत माझा काही उपयोग केला असेल तर तो तिनेच.

१९८९ साली जोतीराम तात्या आले. ते लासुर्ण्याचे, साखर कारखान्यात फिटर. त्यांनी मला दोराने ट्रॅक्टरला बांधून गावात आणले तेव्हा पारावर हसू फुटले.

"तात्या, हिच्यात वैरणीचा भारा कुठं बसायचा?"

"भारा डोक्यावर घीन," तात्या म्हणाले, "गाडी घराम्होरं लावीन."

घरासमोर त्यांची बायको मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पेरणी यंत्र आणाय पाठवलं, आन् ह्ये खेळणं आणलं व्हय?"

खेळणे आठ महिन्यांत चालते झाले. तात्यांनी माझा एकेक भाग खोलला, रॉकेलमध्ये धुतला, वहीत उतरवून घेतला आणि जागच्या जागी बसवला. मग अकरा वर्षे मी त्यांना कामावर नेले आणि परत आणले. पहाटेच्या पाळीला उसाच्या गाड्यांमधून वाट काढत कालव्याच्या कडेने पळताना मला पहिल्यांदा कळले की मी कशासाठी घडवली गेले. तळाला गंज नाही, आसनाची शिवण उसवलेली नाही, एकही चकती हरवलेली नाही. इतकी निगा डॉक्टरांनीही राखली नव्हती. तात्या मला वापरत आणि मगच पुसत. फरक एवढाच होता.

आता ती चूक. २००१ चा उन्हाळा होता. तात्यांचा पुतण्या गेणू याचे लग्न भवानीनगरला होते आणि नवरदेव माझ्यातूनच जाणार, असा त्याचा हट्ट होता. वरातीच्या चालीने जायचे म्हणजे पुढे वाजंत्री, मागे वऱ्हाडाची ट्रॉली आणि मध्ये पहिल्या गिअरमध्ये मी. सणसरच्या अलीकडे माझी पाण्याची नळी फुटली. पाणी वाहून गेले, तापमानाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला. मुहूर्ताला वीस मिनिटे उरली होती आणि हाताच्या अंतरावर कालवा भरून वाहत होता.

तात्यांनी चिंधीने नळी बांधली, बादली भरली आणि थेट रेडिएटरात ओतली.

तापलेले ओतीव लोखंड फुगलेले असते. त्याला एका अंगाने एकदम गार पाणी लागले की ते अंग आक्रसते, दुसरे आक्रसत नाही, आणि त्या ओढाताणीत लोखंड तडकते. तात्यांना हे पक्के ठाऊक होते. कारखान्यात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते हेच शिकवत. मागच्या ट्रॉलीतून कोणीतरी त्यांना ओरडून काही सांगतही होते, पण वाजंत्र्यांच्या आवाजात ते विरून गेले. माझ्यातून फक्त "टक्" असा एक आवाज आला. नवरदेव बाशिंग सावरत ट्रॉलीत चढला आणि बायकांच्या गर्दीत उभा राहून मांडवात पोचला. माझे जन्माचे इंजिन तिथे कालव्याच्या कडेला संपले.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत, असे मुक्ताबाई नंतर सगळ्यांना सांगत.

दुसरे इंजिन पुण्याच्या भंगारबाजारात सापडले. माझ्याच कंपनीच्या चार दारांच्या एका गाडीचे होते ते. ती अपघातात चेपली होती, पण इंजिन धड होते. तात्यांनी ते स्वतःच्या हाताने बसवले आणि सरकारी नोंदणीपुस्तकात नवा क्रमांक रीतसर चढवून घेतला. मग बेंदूर आला.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैलांची शिंगे रंगवतात, त्यांना पुरणपोळी चारतात, गावातून मिरवतात. तात्यांची बैलजोडी आदल्या वर्षीच विकली होती. मुक्ताबाईंनी सवयीने पुरण घातले आणि रिकाम्या दावणीकडे बघत बसल्या. मग उठल्या, कपाटातून शिंगांच्या रंगाचा डबा काढला आणि तात्यांपुढे आदळला.

"दावणीला न्हाय म्हणून काय झालं? ह्या घरात वझं कोण वढतं आता? तिला लावा."

तात्यांनी माझे बॉनेट उघडले आणि नवे इंजिन डाव्या अंगाने हिरवेगार रंगवले. मुक्ताबाईंनी मला ओवाळले आणि बॉनेटवर पोळी ठेवली. पुढचे चार दिवस माझ्यावर मुंग्या होत्या. पुढच्या बेंदराला लाल रंग. मग निळा. दर वर्षी नवा हात, आणि सलग दोन वर्षे एक रंग कधी नाही, कारण बैलाच्या शिंगांनाही त्यांनी तसा कधी दिला नव्हता. रंग लावल्यावरच्या पहिल्या फेरीला तो तापून करपट वास येई आणि पारावरचे लोक म्हणत, "तात्याचा बैल निगाला."

मित्रांनो, त्या रंगाखाली हळूहळू माझ्या नव्या इंजिनाचा क्रमांक बुजून गेला. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. बैलाला क्रमांक कुठे असतो?

यंदा तात्या शहात्तर वर्षांचे झाले. डावा गुडघा क्लच धड दाबू देईना. "तुमचा गुडघा आन् तिचा क्लच, दोघांचं रोजचं भांडान," मुक्ताबाई म्हणाल्या. "तिला चालवणारं कुणी तरी बघा. नुसती हुबी ऱ्हायली तर सडंल."

पहिला आला अविराज. सोलापूर रस्त्यावर इंदापूरजवळ त्याचे मोठे हॉटेल आहे. माझ्याभोवती फिरून तो खूश झाला. "काका, गाडी ठेवलीय मात्र एक नंबर." मग त्याने बॉनेट उघडले आणि हसत सुटला. "हे काय? रंगपंचमी?"

"बेंदूर," तात्या म्हणाले.

"इंजिनाचा नंबर कुठंय?"

"रंगाखाली."

"म्हणजे दिसत नाही." त्याने बॉनेट खाली सोडले. "काका, स्पष्ट बोलतो, रागावू नका. मूळचं इंजिन गेलं म्हणजे गाडीचा जीव गेला. आणि हे आत आहे ते परवा कुठून आणून टाकलंय, कोणी सांगावं? पुस्तकात काय, काहीही लिहिता येतं. मला फक्त बॉडी हवीय. इंजिन काढून ठेवतो, हॉटेलसमोर चौथरा बांधतो, चाकं सिमेंटात बसवतो. लोक फोटो काढतील. रविवारी ट्रक घेऊन येतो, तोवर विचार करा."

जीव गेला म्हणे! त्याच दिवशी पहाटे तात्यांच्या दुखऱ्या गुडघ्यानिशी मी लासुर्णे ते भवानीनगर दम न घेता जाऊन आले होते. आणि ज्या माणसाने एकेक चकती वहीत उतरवली, त्याने पुस्तकात काहीही लिहिले असेल? मला बोलता आले असते तर मी हॉर्न नाही, शिवी दिली असती.

रविवारी सकाळी ट्रकच्या आधी एक स्कूटर आली. कऱ्हाटीची स्वरूपा. वय चोवीस, रसायनशास्त्रात एमएस्सी, बारामतीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी. ती आधी माझ्याखाली शिरली. बॅटरीच्या उजेडात तळ बघितला, चुंबक लावून पत्रा तपासला, इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकले आणि सगळे वहीत लिहिले. शेवटी म्हणाली, "तात्या, इंजिनाचा नंबर?"

तात्या भडकले. "तू बी त्येच इचार! पन्नास वर्सं हातात पाना धरलाय मी. खोटं बोलतू व्हय?"

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. आरटीओचा कसा बसेल? नंबर दिसल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होणार नाही. थोडा रंग काढू का?"

"खरडू द्यायचा न्हाय! बेंदराचा रंग हाय त्यो. बैलाची शिंगं कुणी खरडतं का?"

"साळत्यात की, तासून गुळगुळीत करत्यात," मुक्ताबाई दारातून म्हणाल्या. "बेंदराच्या आदी दरसाल शिंगं साळायचात तुमी. ईसरलात?"

तात्या बाजूला सरले. स्वरूपाने पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि काडेपेटीएवढीच जागा गोल गोल घासायला घेतली. इतक्यात अविराजचा ट्रक येऊन उभा राहिला. तोही खाली उतरून बघू लागला.

रंग उतरत गेले तशी एकात एक वर्तुळे दिसू लागली, झाडाच्या खोडात असतात तशी. लाल, निळे, पिवळे, हिरवे, आणि मधोमध राखी लोखंडाचा ठिपका. स्वरूपाने भिंग लावून ती मोजली. पुन्हा मोजली.

"तात्या, इंजिन कधी बसवलं?"

"दोन हजार एक. बेंदराच्या आदी."

"म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत चोवीस बेंदूर. रंग तेवीसच आहेत."

अविराजच्या मिशीत हसू आले. तात्यांनी माझ्या दारावर हात टेकला. मुक्ताबाई पायऱ्या उतरून खाली आल्या.

"वरनं नववा रंग कंचा, पोरी?"

"नववा हा निळा. त्याच्या खाली पिवळा."

"पिवळ्याच्या आन् निळ्याच्या मधी एक साल ग्येलं. माझी सासू वारली. घरात सुतक, पुरण शिजलं न्हाय. बेंदूर कसला करतुया?"

तेवीस अधिक एक, चोवीस. स्वरूपाने तेही लिहून घेतले. मग आणखी घासल्यावर शेवटच्या हिरव्या वर्तुळाच्या आतले राखी लोखंड रुंदावले आणि त्यावर ठोकलेले आकडे दिसले. ती मोठ्याने वाचत गेली आणि तात्या पुस्तक हातभर लांब धरून बोट फिरवत गेले. शेवटचे चार होते चार, सात, शून्य, नऊ. सगळे जुळले. तेवीस रंगांच्या तळाशी, चोवीस वर्षांपूर्वी, तात्या खरेच बोलले होते.

"बरं, जुळला नंबर," अविराज म्हणाला. "तरी मूळचं नाही ते नाहीच. पण ही देतीय त्याच्या दीडपट मी देतो. बोला काका."

तात्यांनी किल्ली खिशातून काढली आणि मुठीत धरली. "दोगांना एकच इचारतो. नवरदेव शेजारी बसलाय. गाडी तापलीया. मुहूर्ताला ईस मिन्टं हायत. बाजूला कालवा. काय करशीला?"

"मला काय करायचंय?" अविराज म्हणाला. "मी ट्रकवर घालून नेणार."

"मी थांबेन," स्वरूपा म्हणाली. "बॉनेट उघडून थांबेन. हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत."

"आन् मुहूर्त?"

"चुकेल. लोखंडाला मुहूर्त कळत नाही, तात्या."

तात्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "त्या दिवशी ह्ये मला कुणी तरी सांगाय पायजे व्हतं."

"मी सांगत व्हते की," मुक्ताबाई म्हणाल्या. "टरॉलीत हुबी ऱ्हाऊन बोंबलत व्हते. घसा बसला माझा. तुमाला वाजंत्री ग्वाड लागली."

तात्या हसले आणि किल्ली स्वरूपाच्या हातावर ठेवली. ट्रक रिकामा गेला. मी त्याच्या पुढे निघाले होते.

आता मी कऱ्हाटीला असते. रोज बारामतीला जाते, मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या डाव्या आसनावर घेऊन. या बेंदराला तात्या आणि मुक्ताबाई एसटीने आले. पिशवीत पोळ्या होत्या आणि रंगाचा डबा होता. स्वरूपाने आधी त्या काडेपेटीएवढ्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि मगच तात्यांच्या हातात ब्रश दिला. यंदाचा रंग नारिंगी. रंग वाळल्यावर तिने पट्टी हळूच काढली. आकडे उघडे राहिले आणि त्यांच्याभोवती चोविसावे वर्तुळ आले.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुम्हाला भेटली, तर ती मूळची आहे का, असे एवढ्यात विचारू नका. ती चालते का ते विचारा. चालत असेल तर कोणी चालती ठेवली ते विचारा आणि त्या माणसाचे नाव लिहून ठेवा. घरातल्या यंत्राला ओवाळा, पण नुसते ओवाळून चौथऱ्यावर चढवू नका. तापले तर थांबा. आणि वरातीच्या ट्रॉलीतून कोणी ओरडत असेल, तर वाजंत्री क्षणभर थांबवून ऐका.

तेवढे सांगितले. आता मला जाऊ द्या. नवा रंग तापून करपट वास सुटला आहे, आणि कऱ्हाटीच्या पारावर कोणीतरी आत्ताच म्हणाले, "स्वरूपाचा बैल निगाला."