उजवीकडची रेघ

आई न्हाणीघरात केस धुवत होती, तेवढ्यात चार वर्षांच्या ठकीने कपाटाचे खालचे तीन खण ओढून त्यांचा जिना केला. ती वर चढली आणि अख्खं कपाट तिच्या अंगावर आलं. बाबा शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होता.

पाऊण तासाने ठकी एक्स-रेच्या टेबलावर होती. दर श्वासाला कण्हत होती. आईने शिशाचा जड अंगरखा घालून, वाकून तिचे दोन्ही हात डोक्याच्या वर धरले होते.

"हसायचं नाही हं," एक्स-रेवाले काका म्हणाले. "माझ्या फोटोत दात येतच नाहीत, फुकट जातात."

ठकी हसली नाही.

डॉक्टरबाईंनी पडद्यावरचा फोटो पाहिला. "बरगडी एकही मोडलेली नाही."

"मग सुटलो," बाबा म्हणाला.

"नाही हो. लहान मुलांच्या बरगड्या ओल्या फांदीसारख्या वाकतात. मोडत नाहीत, मार सरळ आत जातो. उजवीकडची ही रेघ बघा. फुप्फुस आक्रसून भोवती हवा साठलेली दिसते. ती काढायला नळी घालावी लागेल. आत्ताच."

"कुठून?"

"बरगड्यांच्या मधून."

बाबाने भिंतीला हात टेकला.

"कपाट भिंतीला ठोकून घे, किती वेळा सांगितलं तुला," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

नळीच्या सामानाची ट्रॉली आली. डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले. काका मात्र पडद्यासमोरून हलले नव्हते.

"मॅडम, थांबा. ही रेघ छातीत संपत नाही. खांद्याच्याही बाहेर जाते. फुप्फुस तिथवर कसं जाईल?"

त्यांनी वळून आईकडे पाहिलं. तिची जाड, ओली वेणी खांद्यावरून पुढे लोंबत होती.

"ताई, फोटोच्या वेळी ही अशीच होती?"

"वाकले होते ना मी... असेल."

"चूक माझी. ओली वेणी फोटोत उमटते, ते बघणं माझं काम," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "परत काढतो."

"दोन मिनिटं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोजे उतरवत नाही मी."

आईने वेणी गुंडाळून अंगरख्यात कोंबली. दुसऱ्या फोटोत रेघ नव्हती. पण रेघेच्या जागी, धुरकट काचेसारखा, बोराएवढा डाग होता.

"फुप्फुसाला मुका मार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेणीने झाकला होता."

"नळी?"

"आता नको. पण हा डाग वाढू शकतो. किती, ते आज कोणी सांगू शकत नाही. ठेवून घेऊ, संध्याकाळी परत फोटो. यंत्र लावतोच, तरी तुम्हीही तिचे श्वास मोजत राहा. मिनिटाला चाळीस झाले की मला बोलवा."

वॉर्डात बाबाने फोन बंद केला. ठकीच्या पोटावर नजर लावून मिनिटभर तो पुटपुटत राहिला.

"चाळीस."

"छत्तीस. मीपण मोजत होते."

"चाळीस गं."

"परत मोज," आई म्हणाली.