आलिमाचं दुकान आणि माझा थकलेला पंखा

मित्रांनो, माझं झाकण उघडलं की आधी पंखा ओरडतो आणि मग मी जागा होतो. म्हणून सौदीतल्या यान्बूच्या या घरात मला कुणी लॅपटॉप म्हणत नाही, डबडा म्हणतात. असू दे. बारा वर्षं वापरल्यावर कुणाला कशाने हाक मारतात, याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. तरी वाटतंच थोडं.

माझं आयुष्य सुरू झालं ते जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या एका दुकानात. माझ्या प्रत्येक बटणावर दोन अक्षरं आहेत, एक इंग्रजी आणि एक अरबी. मला विकत घेतलं रहमतुल्लाने. हा श्रीवर्धनचा माणूस यान्बूच्या कारखान्यात पंपांची देखभाल करतो. त्याला आईला पत्र लिहायचं होतं मराठीत, आणि ते अक्षर माझ्या एकाही बटणावर नव्हतं! तरी आम्ही दोघांनी जमवून घेतलं. मग मी इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, कामं केली, गावाकडचे चेहरे पडद्यावर आणले, त्याच्या धाकट्या बहिणीच्या, आलिमाच्या, निकाहाचे फोटो पोटात सांभाळले. पाहुणे आले की रहमतुल्ला मला कौतुकाने मांडीवर घ्यायचा. मी तेव्हा अजिबात ओरडत नसे.

पुढे हातात मावणारे फोन आले आणि मी कपाटावर गेलो, कुकरच्या रिकाम्या खोक्याशेजारी. खारी हवा आणि बारीक वाळू माझ्या अंगात शिरत राहिली. रहमतुल्लाची बायको इस्मत दर ईदला साफसफाई करताना म्हणायची, "अहो, हा डबडा आता टाकून देऊ या." तो म्हणायचा, "बघू." त्या 'बघू'वर मी चार वर्षं काढली.

यंदा एप्रिलमध्ये आलिमाचा फोन आला. ती ऑस्ट्रेलियात अॅडलेडला राहते आणि लहान बाळांसाठी मऊ सुती गोधड्या शिवते. दर रविवारी बाजारात मांडते, बाकीच्या ऑनलाइन विकते. ते ऑनलाइन दुकान भाड्याचं होतं. दुकान चालवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं की महिनाअखेरीला आम्ही गाशा गुंडाळतोय, तुमचं तुम्ही बघा. सहा वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांची नावं, बाळांच्या आयांनी लिहिलेले चार गोड शब्द, सगळं एका तारखेला पुसलं जाणार होतं.

"भाईजान, मी शिवू की हे बघू?" आलिमा म्हणाली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"तू शीव. दुकान मी उभं करतो," रहमतुल्ला म्हणाला.

म्हणाला खरा, पण वेळ कुठे होता? पुढच्याच महिन्यापासून त्याची बदली अल खफजीला, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर झाली होती. तिथे कामावर फोन जवळ ठेवायला मनाई, आणि पाळी संपल्यावरही रेंज मिळाली तर मिळाली. म्हणजे जे काही करायचं ते त्याआधी. बहिणीचं दुकान बुडालं तर ती गोधड्या शिवणंच सोडून देईल, ही भीती त्याला जेवू देईना. त्याने मला कपाटावरून उतरवलं, बाहीने पुसलं आणि चार्जर लावला. माझा पंखा असा ओरडला की इस्मत स्वयंपाकघरातून धावत आली.

या खेपेला रहमतुल्लाला भाड्याचं नको होतं. त्याला ओपन सोर्स हवं होतं, म्हणजे ज्याची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, दुरुस्त करता येते, आणि मालकाने पाठ फिरवली तरी जे आपल्याकडे राहतं, असं सॉफ्टवेअर. इंटरनेटवरची जागा भाड्याने घ्यावीच लागते, पण सामान आपलं असलं की जागा बदलली तरी ते उचलून नेता येतं. कारखान्यात नवा पंप आला की तो आधी विचारतो, "माझ्या पान्याने उघडतो का?" इथेही त्याने तेच धरलं.

मित्रांनो, त्या तीन आठवड्यांत माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. दिवस कलताना, असरच्या नमाजानंतर, तो मला घेऊन बसायचा, तो थेट जेवणाची हाक येईपर्यंत. तीन सॉफ्टवेअर त्याने निवडली होती. पहिलं होतं राजवाड्यासारखं. लाखो वस्तू मावतील एवढं. ते माझ्यात चढवताच मी इतका तापलो की मध्येच बंद पडलो. रहमतुल्लाला तरी तेच आवडलं होतं! दुसरं देखणं होतं. त्याने दहा गोधड्या फोटोंसकट आत घातल्या आणि मग सगळ्या परत बाहेर काढून पाहिल्या. नावं बाहेर आली, फोटो आत अडकले. "हे उद्या बंद पडलं तर पुन्हा रडारड," तो म्हणाला आणि ते काढून टाकलं. तिसरं साधंसुधं होतं. दिसायला बेताचं, पण आत घातलेलं सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. ऑस्ट्रेलियाचा कर किमतीत धरून दाखवता येत होता, वजनाप्रमाणे टपालखर्चही लागत होता.

तरी त्याचा जीव राजवाड्यातच. "नवा लॅपटॉप घेतो आणि तेच बसवतो," असं तो बोलला तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मी गप्प राहिलो. पंखा तेवढा राहिला नाही.

इस्मत भाजी निवडता निवडता म्हणाली, "चालवायचं कुणाला आहे? तुम्हाला की आलिमाला?"

"मी आहे ना!"

"तुम्ही असाल समुद्रात. ती अडली तर कुणाला विचारील? तीनही ठिकाणी आलिमाच्या नावाने एक प्रश्न टाका. तिच्यासारखा, अडाणी. बघू कोण ओ देतं."

या सॉफ्टवेअरांच्या गावात एक चावडी असते. तिथे कुणीही प्रश्न विचारतो आणि ज्याला येतं तो उत्तर देतो. रहमतुल्लाने तिन्ही चावड्यांवर विचारलं, 'दुकानात फोटो कसा बदलायचा?' पहिल्या ठिकाणी दोन दिवस सामसूम. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी म्हणालं, आधी नियम वाचा. तिसऱ्या ठिकाणी तासाभरात उत्तर आलं, चित्रं काढून, बाण दाखवून. उत्तर देणारा टास्मानियात मधमाश्यांच्या पेट्या विकत होता आणि त्याचं दुकान याच सॉफ्टवेअरवर होतं. रहमतुल्लाने हात टेकले, तिसरंच बसवलं आणि जुन्या दुकानातलं सगळं त्यात हलवलं. आलिमाला दुकानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आणि त्या चावडीचा पत्ता पाठवला. ती म्हणाली, "मला कशाला? तुम्हीच बघा ना, भाईजान."

मग आला तो शुक्रवार. आलिमाने बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी नवं दुकान उघडेल, नव्या तीस गोधड्या असतील. गुरुवारी रहमतुल्लाने शेवटची तपासणी केली. 'सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवा,' असं आलिमाने सांगितलं होतं. दिवसांच्या यादीत त्याने विचारही न करता खूण केली, शुक्रवार आणि शनिवार. इस्मतने वाचून पाहिलं, तिलाही खटकलं नाही. मलाही नाही, मित्रांनो! माझ्या कॅलेंडरात बारा वर्षं शुक्रवारच लाल आहे. आम्हा तिघांना सुट्टी म्हणजे शुक्रवार. आलिमाची सुट्टी म्हणजे तिचा बाजाराचा रविवार, हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

इथे दुपारचे साडेबारा झाले होते, अॅडलेडला संध्याकाळचे सात. रहमतुल्ला जुम्म्याच्या नमाजाला मशिदीत होता, फोन मुका करून. इस्मतचा फोन वाजला.

"भाबी, दुकान म्हणतंय आज सुट्टी!" आलिमा रडकुंडीला आली होती. "पंधरा जणींनी मेसेज केलेत. लोक परत जातायत. भाईजान फोन उचलत नाहीत!"

इस्मतने हातातला रश्श्याचा डाव टाकला आणि माझ्याकडे धावली. झाकण उघडलं, बटण दाबलं. मी जीव तोडून उठायचा प्रयत्न केला. खरंच केला. पंखा किंचाळला, पडदा लुकलुकला, आणि मी विझलो. पुन्हा दाबलं, पुन्हा विझलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आलिमा, हा डबडा उठत नाही गो," मला तिचा आवाज ऐकू आला. "मला फोनवरून जमायचं नाही. तूच बघ. तुझ्याकडे किल्ली आहे ना?"

"मला नाही येत, भाबी!"

"त्या पेटीवाल्या माणसाला विचार. तो सांगेल."

फोन बंद झाला. इस्मत माझ्यासमोर नुसती बसून राहिली, ओले हात मांडीवर ठेवून. रस्सा करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

रहमतुल्ला चपला न काढताच आत आला. मशिदीच्या पायऱ्यांवर त्याने अकरा हुकलेले फोन पाहिले होते. त्याने मला उचलून एसीच्या झोतात धरलं, तसा मी गार झालो आणि एकदाचा उठलो. दुकान उघडलं. दिवसांची यादी उघडली. शुक्रवारवर खूण नव्हती. शनिवारवर नव्हती. ती रविवारवर होती.

"तू केलंस?" त्याने इस्मतला विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

त्याने आलिमाला फोन लावला.

"मी केलं, भाईजान," ती म्हणाली. हसत होती की रडत होती, कळेना. "त्या पेटीवाल्याने पाच मिनिटांत सांगितलं. एवढीशी खूण होती. आणि दुकानाच्या दारावर मी माफीही लिहिली. सात गोधड्या विकल्याही गेल्या. तुम्ही खफजीला बिनघोर जा."

रहमतुल्ला 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला आनंद झाला होता, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटत होतं. मला ते ओळखता आलं, कारण माझंही तसंच झालं होतं. आमच्यावाचून दुकान उघडलं होतं.

मग त्याने कामाच्या पिशवीतून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि रंगाचा जुना ब्रश काढला. मला पालथं घातलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आठ स्क्रू काढून माझं पोट उघडलं. पंख्याच्या पात्यांवर वाळूचा आणि धाग्यांचा असा थर होता की इस्मत म्हणाली, "अगं बाई, हा तर बिचारा गुदमरत होता!"

आता तो खफजीला आहे. मी कपाटावर नाही, जेवणाच्या टेबलावर असतो. दर शुक्रवारी इस्मत मला उघडते, दुकान चालू आहे ना एवढं बघते. माझा पंखा आता कुजबुजतो.

मित्रांनो, ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांची कामं जरूर करा, पण किल्ली त्यांच्या हातात द्या आणि विचारायचं कुणाला तेही सांगून ठेवा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा डबडा ओरडत असेल, तर त्याला टाकून देण्याआधी त्याचे आठ स्क्रू काढून बघा. पुष्कळदा आत नुसती धूळ असते.