भिंतीवरची थोरली

दारात चपलांचा ढीग पडला होता आणि जिन्यावर माणसं कोंबल्यासारखी उभी होती. आतल्या खोलीत, खाटेमागच्या भिंतीवर, एक काळपट हिरवी आकृती उमटली होती. डोकं, खांदे, किंचित कललेली पाठ. बघणारा प्रत्येक जण म्हणे, "अगदी थोरलीच हो."

थोरली जाऊन तीन महिने झाले होते. तापाने नऊ दिवसांत गेली. वय तेरा.

बातमी ऐकून आलेले एक महाराज बाजूच्या भिंतीला खुर्ची लावून बसत, तेल थापलेलं डोकं मागे टेकून. तीन आठवडे रोज. "खिडकी उघडायची नाही. आत्म्याला वारा मानवत नाही. भिंत ओली लागते ना? रडतेय ती." कोपऱ्यात पाल्याचं पाणी रटरटत असे. त्याची वाफ म्हणे तिला ऊब देई.

"सर्दी झालेली दिसते आत्म्याला," जिन्यावरून कोणी पुटपुटलं. त्याला गप्प केलं गेलं.

गवंड्याला, म्हणजे थोरलीच्या बापाला, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वीस वर्षं तो गिलावा करत होता. ही खोलीही त्यानेच बांधली होती, थोरलीसाठी. ती रोज विचारायची, "आज राहायला जाऊ?" महिनाभर सुकू द्यायचा गिलावा त्याने आठव्या दिवशी रंगवून टाकला. परक्याच्या घरात त्याने असं कधी केलं नसतं. पाणी भिंतीत कोंडलं गेलं.

पण आकृती दिसली त्या दिवशी बायको कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली होती. त्याने तोंड शिवून घेतलं.

बायको सहा वर्षांच्या धाकटीला घेऊन त्याच खोलीत निजू लागली. धाकटीला खोकला झाला, मग धाप लागू लागली. मग एके दिवशी तिचे ओठ निळे पडले, तेव्हा गवंडी तिला उचलून दवाखान्यात धावला.

"औषध देते मी," ओल्या खोलीचं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पुन्हा त्याच हवेत झोपवणार असाल तर ते मोरीत ओतल्यासारखं आहे. पुढच्या वेळी वेळेत पोचाल, असं मी म्हणणार नाही."

धाकटीला शेजारणीकडे ठेवून तो घरी आला आणि गर्दीतून वाट काढत आत गेला.

"महाराज, जरा उठता?"

"ध्यानात आहे मी."

"दोन मिनिटं उठा. मग खुशाल बसा."

महाराज कुरकुरत उठले. डोकं टेकत होतं तिथे भिंतीवर काळपट हिरवा गोल उमटला होता.

"हा कोणाचा आत्मा?" गवंड्याने विचारलं.

एक म्हातारी म्हणाली, "अरे, पण हे तर अजून आहेत की."

"माझी शक्ती अंशरूपाने..." महाराजांनी सुरुवात केली. कोणी तरी फिसकन हसलं. महाराजांनी झोळी उचलली.

"ही बुरशी आहे," गवंडी म्हणाला. "ओल मी ठेवली, घाईने रंग मारून. वाफ यांनी भरली, हवा आपण सगळ्यांनी कोंडली. माणूस रोज टेकतो तिथे केसांचं तेल, अंगाचा मळ भिंतीला लागतो. त्यावर बुरशी आधी धरते."

बायको खाटेवर बसून भिंतीकडेच बघत होती. "अहो, म्हणजे ती आलीच नव्हती?"

"नाही. ती इथे टेकून वाचत बसायची. तेवढंच खरं आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. तू जेवत होतीस, म्हणून बोललो नाही."

ती उठली आणि तिने खिडकीच्या कडीला हात घातला.

"ती आली असती," ती म्हणाली, "तर धाकटीचा खोकला ऐकून तिनेच ही उघडली असती."

गवंडी जिन्यावरच्या लोकांकडे वळला. "तुमच्या भिंतीवर असं काही उगवलं तर पाया पडू नका. ओल कुठून येते ते शोधा. हवा खेळू द्या. गेलेल्यासाठी रडावंच लागतं, पण घरात श्वास घेणारी माणसं आधी मोजा."

त्याने तोंडाला फडकं बांधलं, साबणाचं पाणी आणलं. बायकोने त्याच्या हातातलं पोतेरं मागून घेतलं. पाठ पुसली, खांदे पुसले. डोक्यापाशी आली तेव्हा तिचा हात थांबला.

"हे तुम्ही पुसा," ती म्हणाली.