लेन्स सुटी होणारा कॅमेरा

नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला समीक्षाने स्कूटरच्या सीटवर कॅमेरा ठेवला, बटण दाबून लेन्स फिरवली आणि खटकन सुटी केली. बॉडीच्या तोंडावर टोपण बसवून ती पर्समध्ये टाकली. लेन्स जेमतेम नारळाएवढी. ती तिने ओटीच्या खणात गुंडाळली आणि आईच्या पिशवीतल्या खऱ्या नारळांमध्ये दडवून ठेवली.

"समे, नको गो असलं करू," आई म्हणाली. "तिकिटावर लिवलंय ना?"

लिहिलं होतंच, तेही ठळक अक्षरांत: लेन्स सुटी होणारा कॅमेरा आत आणू नये, मोबाइल चालेल. हे वाचल्यापासून समीक्षाच्या डोक्यात भुंगा शिरला होता. मोबाइल चालेल! म्हणजे वडापाव खाताना रील टाकणारे चालतील, आणि ठाण्याच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो काढून पोट भरणारी, नमनाच्या खेळातल्या राजाची सख्खी मुलगी तेवढी नको.

"सुटी होणारी लेन्स नको ना त्यांना? मग सुटी करूनच नेतेय."

आईला हसू आलं नाही. एरवी ती असल्या बोलण्याला पदर तोंडाला लावून हसली असती.

समीक्षाच्या जन्माआधीपासून तिचे वडील, आत्माराम, गावच्या नमन मंडळात वगातला राजा करत. संगमेश्वर भागात त्यांच्या आवाजाचं इतकं वेड होतं, की गण आणि गवळण होईपर्यंत बाहेर चहा पीत उभी राहणारी माणसं राजा आला की धावत आत येत. हा प्रयोग शेवटचा, असं त्यांनी दिवाळीत आईकरवी फोनवर कळवलं. आणि घरात त्यांचा राजाच्या वेशातला एक धड फोटो नव्हता. होते ते मोबाइलवरचे, झगझगीत दिव्याखाली चेहऱ्याच्या जागी पांढरा ठिपका असलेले. पाठवणीच्या वेळी रडणारे परके बाप समीक्षाने ढिगांनी टिपले होते. स्वतःचा बाप मात्र तिच्या संग्रहात नव्हता. आज राहिला तर कायमचाच राहणार. काल घरी आल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. वडिलांशी बोलावं तर त्यांचं मौन. प्रयोगाआधी ते नेहमीच मौन धरत. काल त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

दारात खुद्द भागोजीकाका उभे होते. मंडळाचा सगळा कारभार त्यांच्याकडे आणि आत्मारामांशी शाळेपासूनची दोस्ती. त्यांनी पर्स उघडायला लावली.

"ह्यो काय गो?"

"लेन्सच नाही त्याला, काका. नुसता डबा आहे. बघा."

भागोजीकाकांनी तो डबा उलटासुलटा केला, टोपणाला डोळा लावला.

"काय दिसत नाय."

"मग?"

"मग काय, असूदे. पण बाहेर काढू नको."

समीक्षाला हसू आवरेना. इतक्यात आईने हातातली पिशवी पुढे केली.

"भावोजी, नारळ आत द्या."

दर प्रयोगाला देवाच्या गाऱ्हाण्याचे नारळ रंगपटात पोचवायचे, ही आईची कित्येक वर्षांची सवय. विचार करायच्या आत हात पुढे गेला होता. भागोजीकाकांनी पिशवी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली, आणि लेन्स नारळांबरोबर पडद्यामागे गेली.

"आई!"

आईने कपाळावर हात मारला. "माज्या ध्यानातच नाय रवलं गो."

आता बोलून उपयोग नव्हता. दोघी जाऊन बसल्या. पुढच्या रांगांना दोरी लावली होती. पाहुण्यांसाठी असेल, पण पाहुणे काही दिसत नव्हते. सगळी गर्दी दोरीच्या मागे. समीक्षाने पर्स मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. पडदा उघडला तेव्हा गाऱ्हाणं घालायला भागोजीकाका उभे राहिले. ते काम बाबांचं, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण लेन्स कुठल्या कोपऱ्यात पडली असेल, कुणी नारळ समजून आपटली तर, या धसक्यात ते तिथेच राहिलं. गण झाला. गवळणीत मावशीने सभागृह डोक्यावर घेतलं. समीक्षा एकटी नखं खात होती. आईही हसत नव्हती, पण तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

वग सुरू होण्याआधी अंधार झाला आणि रांगेतून वाकत वाकत भागोजीकाका आले. त्यांनी तिच्या मांडीवर खणात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.

"तुज्या बापसान पाठवलान."

समीक्षाला वाटलं, आता बोलणी बसणार. "रागावले?"

"नाय. तू एकटीनच डोळ्याला लाव, दुसऱ्या कोणाला देव नको, असं खुणेन सांगितलान." मग थोडं थांबून म्हणाले, "मी नको सांगत होतो. त्यान आयकलान नाय."

काका गेले. समीक्षाने अंधारातच लेन्स बसवली. हे काम तिची बोटं झोपेतही करतील. बाबांनी परवानगी दिली होती! सगळ्या सभागृहात तिला एकटीला.

राजा आला. शिट्ट्या, टाळ्या. मृदंग घुमला आणि सूर लागला. तोच आवाज, भरदार, शेवटी किंचित कापणारा. समीक्षाने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बाबांचा चेहरा हाताच्या अंतरावर आला.

बाबा गाताना त्यांच्या मानेची उजवीकडची शीर टरारून फुगायची. लहानपणी ती मांडीवर बसून त्या शिरेवर बोट ठेवायची आणि बोटाला सूर लागायचा. तिने तिथेच लेन्स नेली. शीर फुगलेली नव्हती. मान सैल होती. ओठ हलत होते, पण सुराच्या किंचित मागून. एकदा ओठ मिटले आणि सूर तसाच पुढे चालत राहिला.

तिने लेन्स विंगेकडे वळवली. काळ्या पडद्याच्या आडोशाला तिचा चुलतभाऊ सर्वेश माइक धरून उभा होता. घामाने निथळलेला, नजर आत्मारामांच्या हातावर. हात वर गेला की सूर वर जायचा.

समीक्षाने कॅमेरा खाली घेतला. नुसत्या डोळ्यांना लांबवर फक्त राजा दिसत होता, गाणारा. आजूबाजूची माणसं माना डोलावत होती. कुणीतरी "वा आत्माराम!" म्हणून ओरडलं.

आईचा हात तिच्या मनगटावर आला.

"कधीपासून?" समीक्षाने विचारलं.

"गणपतीपासना. डाक्टर बोलले, आवाज आता फिरून येणार नाय."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"तो नको बोलला. तुला त्याचा असला आवाज आयकू द्यायचा नव्हता."

समीक्षाला राग आला. आईचा, काकांचा, त्या दोरीचा, तिकिटावरच्या त्या ओळीचा. मग स्वतःचा आला. समोर राजा शेवटच्या कडव्यावर आला होता. आत्मारामांनी मान उचलली, हात उंच नेला आणि थेट तिच्या दिशेने बघितलं. तिने कॅमेऱ्याचा आवाज बंद केला, डोळे पुसले आणि बटण दाबलं.

प्रयोगानंतर रंगपटात पाय ठेवायला जागा नव्हती. काय आवाज, काय आवाज, म्हणून लोक पाया पडत होते. आत्माराम हात जोडून गळ्याकडे बोट दाखवत होते. माणसं म्हणत, दमलेत, बोलायला लावू नका. सर्वेश कोपऱ्यात शेले घडी करत बसला होता. त्याच्या पाया कुणी पडलं नाही.

गर्दी पांगल्यावर समीक्षा जवळ गेली. आत्मारामांनी तिला वाकायची खूण केली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. खरवडून काढल्यासारखा, नुसता वारा.

"फोटो आला?"

समीक्षाने होकारार्थी मान हलवली.

"कसा?"

"गाताना," ती म्हणाली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

आत्माराम बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग कोपऱ्याकडे वळून त्यांनी सर्वेशला हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि हाताने त्याला जवळ बोलावलं.