उलटं फुगलेलं शीड

एकाच आरमारी लढाईची पाच चित्रं, तीनशे वर्षांत पाच जणांनी काढलेली, आणि एकापेक्षा एक सरस! संग्रहालयात चित्रं दुरुस्त करणारी ती त्यांच्यावर बेहद्द खूश होती. एकाने आग अशी रंगवली होती की जवळ गेलं तर गाल तापावेत. दुसऱ्याने दोर न् दोर काढला होता. त्या पठ्ठ्याचे डोळे शाबूत कसे राहिले, देव जाणे. पण तिचा जीव अडकला होता सगळ्यांत जुन्या, काजळलेल्या चित्रात. आणि नेमकं तेच संचालकांनी प्रदर्शनातून वगळायचं ठरवलं होतं.

"मुख्य गलबताची बाकीची शिडं पुढे फुगलीत आणि मधलं मागे," ते सकाळीच म्हणाले होते. "वारा काय दोन्हीकडून वाहतो? नंतरच्या चौघांनी यावरूनच चित्रं काढली, पण ही चूक सुधारून. याला समुद्रातलं ओ का ठो कळत नव्हतं." यादी संध्याकाळी छापायला जाणार होती.

दुपारी तिचे वडील डबा घेऊन आले. उभा जन्म शिडाच्या जहाजांवर काढलेला माणूस. लेक कापसाचा बोळा थुंकीने ओला करून चित्रावरचा मळ पुसत होती. जुन्या रंगाला थुंकीइतकं सौम्य दुसरं काही नाही.

"यासाठी एवढी शिकलीस होय?" ते हसले. "तुझी आई तुझं तोंड असंच पुसायची, तेही फुकटात."

तिने चिडून त्यांना ती चूक दाखवली. त्यांनी चष्मा सारखा केला.

"चूक कसली? मधलं शीड मुद्दाम उलटं फिरवलंय, म्हणजे तोच वारा त्यात भरून गलबताला मागे रेटतो. भर वाऱ्यात गलबत असंच थांबवतात. हा माणूस समुद्रावर राहिलेला आहे गं."

"पण बाबा, ऐन लढाईत थांबेल कोण?"

"पाण्यात कुणी पडलं असेल तर थांबावंच लागतं."

तिने दिवा चित्राजवळ ओढला. गलबताखाली नुसता काळा डाग होता. ती तिथे बसली ती उठलीच नाही. दोन तासांनी दोर दिसला, मग दोर धरलेली मूठ, मग माणूस. अंगरखा शत्रूच्या रंगाचा होता.

संचालक यादी घेऊन आले आणि चित्रावर वाकले.

"हेच पहिलं लावा," शेवटी ते हळूच म्हणाले.

तिने वळून आपल्या लाडक्या चार चित्रांकडे पाहिलं. चारहींत तेच गलबत, सगळी शिडं पुढे फुगवून, त्या माणसाच्या अंगावरून निघालं होतं.