आधी जोडणाऱ्याचा कान

काकांना एकच कान होता. म्हणजे दिसायला दोन, पण उजवा नुसता शोभेचा. फार वर्षांपूर्वी हेडफोनमधून एक कर्कश शिट्टी घुसली आणि तो कायमचा गेला. डाव्याबद्दल डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, असा आणखी एक दणका बसला की गिटार विसरायची. आणि काका गिटार सोडणार म्हणजे मांजर दूध सोडणार.

कान गेला त्या दिवशी वायरी जोडल्या होत्या काकांच्या सख्ख्या भावाने. त्यानंतर भाऊ स्टुडिओची पायरी चढला नाही. आज वायरींच्या त्याच भिंतीपुढे त्याची लेक उभी होती. काकांनीच हट्ट धरला होता, जोडेल तर माझी पुतणीच जोडेल म्हणून. असल्या मायेचं पोरीला ओझं होतं, हे या मोठ्या माणसांना कोण सांगणार?

भिंतीत पॅचबे होता, म्हणजे भोकांच्या दोन लांब ओळी. गिटारचा आवाज बदलणारे पेडल खाली जमिनीवर, पण त्यांच्या वायरी मागून या भोकांना येऊन मिळालेल्या. पुढून छोट्या केबल खुपसायच्या आणि कुठला पेडल आधी, कुठला नंतर ते ठरवायचं. सोय मोठी, पण चूकही तितक्याच सोयीने होते. पेडलमधून निघालेला आवाज फिरून परत त्याच पेडलमध्ये शिरला, की तो स्वतःलाच वाढवत सुटतो आणि किंचाळतो. काकांचा कान अशाच किंचाळीने खाल्ला होता.

म्हणून तेव्हापासून या स्टुडिओत नियम होता: जोडेल त्याने आधी ऐकायचं, आणि वादक जेवढ्या मोठ्याने ऐकणार तेवढ्याच मोठ्याने.

तिने सगळं नीट जोडलं होतं. पण ऐन वेळी काकांचं मन फिरलं. आवाज खरखरीत करणारा फझ पेडल आधी होता, तो त्यांना प्रतिध्वनी देणाऱ्या इकोच्या नंतर हवा झाला. कलाकाराच्या लहरीपुढे कोणाचं चाललंय! तिने केबल बदलल्या, बोटाने एकेक भोक तपासलं, पुन्हा तपासलं. तोंड पोळलं होतं बापाचं, ताक फुंकत होती लेक. मग तिने हेडफोन चढवले आणि मान हलवली. काकांनी तार छेडली, सूर स्वच्छ आला. काकांनी फझवर पाय दिला.

किंचाळी थेट डोक्यात घुसली. तिने हेडफोन ओरबाडून काढले. काकांचे ओठ हलताना दिसत होते, पण कानात नुसती शिट्टी वाजत होती. ती भयंकर घाबरली. आधी स्वतःच्या कानासाठी, आणि मग हा कान काकांचा असता तर, या विचाराने.

कानातली शिट्टी थोडी ओसरल्यावर तिला चूक सापडली. एका आवाजाचे तीन-चार फाटे करायला पॅचबेत चार भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात. त्यातल्या एका भोकातली जुनी केबल काढायची राहिली होती आणि फझचा आवाज तिथून परत मागे जात होता. तिने केबल उपटली. पण आता नियमाप्रमाणे पुन्हा ऐकायला हवं होतं, आणि हेडफोन उचलायला हात तयार नव्हता.

"काका, दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. तुम्हाला काही झालं तर मीही बाबांसारखीच घरात बसेन."

काकांनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली आणि हेडफोन उचलले. तिने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"अगं चिमणे, उजव्यावर लावतोय," ते म्हणाले. "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. तू एकटीने घाबरू नकोस, एवढंच."

हेडफोनची एक वाटी त्यांच्या मेलेल्या कानाला, दुसरी तिच्या कानाला. काकांनी फझवर पाय दिला. तिने डोळे घट्ट मिटले आणि जिवाचा कान करून ऐकलं. कानात उरलेल्या शिट्टीच्या मागून खरखरीत सूर आला, त्याच्यामागे इको, आणि मग सगळं हळूहळू विरत गेलं. काकांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कसं आहे?"

"स्वच्छ आहे."

त्यांनी आणखी एकदा विचारावं, खात्री करून घ्यावी, निदान भिंतीकडे एक नजर टाकावी, असं तिला फार वाटलं. काकांनी काहीच केलं नाही. हेडफोन डोक्यावर चढवले, डाव्या कानावर वाटी नीट बसवली, डोळे मिटले आणि वाजवायला लागले.

गाणं संपेपर्यंत हेडफोनची पिन तिच्या मुठीत होती, उपटायच्या तयारीत.